स्लॉट कॅनियनला धबधब्यातल्या रॅपलिंगचे माप लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत अमेरिकेतील अरुंद वाळवंटी घळींवर, म्हणजे स्लॉट कॅनियनवर, आलेला लेख आणि त्याच्याच शेजारच्या सहलींच्या जाहिराती वाचून हे पत्र लिहीत आहोत. आम्ही मुंबई-ठाण्याचे, सह्याद्रीत दोरकाम शिकवणारे काही जण. लेखातली छायाचित्रे देखणी होती, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र जिने उतरून पाहायची घळ आणि दोर लावून उतरायची घळ यांचा लेखात एकच काला झाला आहे. शिवाय पावसाळ्यात धबधब्यात रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणे) केलेल्या कुणालाही हे सहज जमेल, असा दिलासाही वाचकांना मिळाला आहे. त्या दिलाशावर विसंबून कुणी पुढच्या सुट्टीचे पैसे भरण्याआधी काही गोष्टी सांगायला हव्यात.

आधी ठिकाणे नीट लावू. अँटिलोप कॅनियन अ‍ॅरिझोनात, पेज गावाजवळ, नवाहो लोकांच्या जमिनीवर आहे. तिथे गाईडशिवाय प्रवेशच नाही. ‘अप्पर’ भागात सपाट वाळूवरून चालायचे, ‘लोअर’मध्ये लोखंडी जिने चढउतार करायचे. हे कॅनियनिंग, म्हणजे दोर लावून घळ उतरणे, नव्हे, पण फेरी म्हणून उत्तम. युटातील झायन राष्ट्रीय उद्यानातली ‘नॅरोज’ ही नदीच्या पात्रातून वर चालत जायची वाट आहे. व्हर्जिन नदीचा प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की ती बंद करतात. तिसरा प्रकार दोराचा. त्याच उद्यानातल्या पाइन क्रीक, कीहोल, मिस्ट्री या घळी किंवा ‘सबवे’ या घळीची वरून खाली येणारी वाट याच प्रकारातली. इथे परवाना लागतो आणि तो आपला आपण काढायचा असतो, कारण या उद्यानात पैसे घेऊन कॅनियनिंगला नेण्याची परवानगी कुठल्याही कंपनीला नाही. गाईडसोबतच्या सहली उद्यानाच्या बाहेर, स्प्रिंगडेल, कनाब, ऑर्डरव्हिल, एस्कलांते या गावांच्या आसपासच्या सरकारी किंवा खासगी जमिनीवर चालतात. तेव्हा जाहिरातीत ‘झायनमध्ये गाईडसह कॅनियनिंग’ असे छापलेले दिसले तर पहिला प्रश्न तिथेच विचारावा: घळीचे नाव काय आणि जमीन कुणाची? प्रत्येक वेळी फसवणूकच असते असे नाही. ‘जवळ’चे ‘मध्ये’ होते, एवढेच.

या घळी ज्या दगडात आहेत तो नवाहो वालुकाश्म म्हणजे सुमारे १८-१९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचा झालेला खडक. झायनमध्ये त्याची जाडी जागोजागी ६०० मीटरच्या पुढे जाते. आपला बसाल्ट लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, टणक आणि काळा. वालुकाश्मातले कण मात्र जेमतेम चिकटलेले असतात. उभ्या भेगेतून वाळू घेऊन धावणारे पाणी पॉलिश पेपरसारखे काम करते आणि भेग रुंद न होता खोल होत जाते. वर हात दोन हात फट आणि खाली शंभर-दीडशे फुटांची वळणावळणाची गल्ली, असा आकार त्यातून येतो. सांदण दरी पाहिलेल्यांना अंदाज येईल, पण सांदणमध्ये कडे सरळ आणि अंगावर येणारे आहेत. इथल्या भिंती आत-बाहेर लाटा घेत जातात, त्यामुळे दहा फूट पुढचा माणूस दिसत नाही आणि त्याचे बोलणेही कळत नाही.

आता मुख्य फरकाकडे. विहिगाव, दोधाणी, बेकरे, कोंढाणे इथे आपण जून ते सप्टेंबरमध्ये उतरतो ते वाहत्या पाण्यातूनच. पाणी नसेल तर लोक पैसे परत मागतील. वाळवंटी घळीत हिशेब नेमका उलटा आहे. तिथे डबक्यांत साचलेले, स्थिर पाणी चालते. पाणी वाहायला लागले तर तुम्ही तिथे असताच कामा नये. वरचा सगळा पाणलोट उघडा कातळ असतो. माती नाही, झाडे नाहीत, जिरायला जागा नाही. अर्ध्या तासाची सर मैलोन्‌मैलांवरून गोळा होऊन एका तीन फुटी फटीत शिरते. तुमच्या डोक्यावर आभाळ निळे असू शकते, आणि घळीतून दिसते ते आभाळही वीतभरच.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोपमध्ये ११ पर्यटक लोंढ्यात गेले ते असेच. वादळ कित्येक मैल वर, पाणलोटात कोसळले होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्या कीहोल घळीत सात जणांचा गट होता. परवाना घेतलेला, गाईड नाही. त्या दुपारी जवळच्या व्हर्जिन नदीच्या उत्तरेकडच्या फाट्याचा प्रवाह १५ मिनिटांत ५५ क्युसेकवरून २,६३० क्युसेकवर गेला. धरणांच्या विसर्गाच्या बातम्या वाचणाऱ्यांना या आकड्यांचा अर्थ सांगायला नको. सातही जण गेले. कीहोल ही काही मोठी घळ नाही, दोन-तीन तासांत संपणारी आहे. लोंढा आला की घळ किती लहान आहे याला अर्थ राहत नाही, वर चढून बसायला जागा आहे का एवढेच उरते, आणि अरुंद फटीत ती बहुधा नसते. आपल्याकडे जून २०२४ मध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हाही पाणी पाहता पाहता वाढले होते. तिथे निदान दोन्ही बाजूंना काठ होता.

गाईड असला म्हणजे हा धोका त्याच्याकडे सोपवला, असा समज मनातून काढावा. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या सॅक्सेटन ओढ्यात २१ जण गेले. ती व्यावसायिक सहल होती आणि मृतांत तीन गाईड होते. पुढे कंपनीच्या लोकांना न्यायालयाने दोषी ठरवले. ओढा वाळवंटातला नव्हता, पण वर वादळ आणि खाली गट हे गणित तेच. म्हणून गाईड निवडताना तो कसा उतरवतो यापेक्षा तो कधी नकार देतो हे विचारावे. अमेरिकेची हवामान सेवा झायन परिसरासाठी लोंढ्याची शक्यता रोज चार पायऱ्यांत सांगते: नॉट एक्स्पेक्टेड, पॉसिबल, प्रॉबेबल, एक्स्पेक्टेड. यातल्या कुठल्या पायरीला तुम्ही सहल रद्द करता, आणि रद्द केली तर पैशांचे काय, हे लेखी मागावे. ‘तिथे पोहोचल्यावर बघू’ असे उत्तर देणारा गाईड नको. पैसे परत न मिळण्याची अट असेल तर गाईड आणि गिऱ्हाईक दोघांवरही नको तो दबाव येतो, हे आपल्या पावसाळी इव्हेंटवाल्यांनाही ठाऊक आहे. चांगल्या कंपन्या तशा दिवशी छोट्या पाणलोटाची किंवा वर निघायला वाटा असलेली दुसरी घळ सुचवतात. ती घेण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट थंडी. हे मुंबईकराला पटतच नाही. बाहेर ४० अंशांचे ऊन, आणि आत असे पाणी की ज्याला वर्षभर सूर्य दिसत नाही. कीहोल किंवा पाइन क्रीकसारख्या घळीत ते भर उन्हाळ्यातही दहा अंशांच्या आसपास असू शकते. आपले समुद्राचे आणि ओढ्याचे पाणी चोवीस-पंचवीसच्या खाली क्वचित जाते, त्यामुळे शरीराला या थंडीची ओळखच नसते. पोहणे दहा-वीस हातांचे असले तर तीन मिलिमीटरचा वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी सूट) पुरतो. डबकी लांबलचक आणि एकामागून एक असतील तर चार ते पाच मिलिमीटरचा अंगभर सूट आणि निओप्रीनचे मोजे लागतात. तरी खरा घात पोहताना होत नाही, थांबताना होतो. आठ जणांच्या गटात एका रॅपलला माणशी सहा-सात मिनिटे धरली तर पहिला उतरलेला पाऊण तास ओल्या अंगाने सावलीत उभा राहतो. आधी काकडतो, मग बोलणे अडखळते, मग कॅरॅबिनरचे (उघडझाप होणाऱ्या कडीचे) लॉक बोटांनी फिरवता येत नाही. पुढचा रॅपल याच बोटांनी करायचा असतो. गट किती जणांचा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. एका गाईडमागे चार ते सहा, यापुढे आम्ही तरी जाणार नाही. आपल्या रविवारच्या शंभर-शंभरांच्या रांगा डोळ्यांपुढे आणल्या म्हणजे फरक कळेल.

आता दोर. आपल्याकडे इव्हेंटमध्ये साधारण साडेदहा-अकरा मिलिमीटरचा दोर झाडाला किंवा कातळात ठोकलेल्या बोल्टला पक्का बांधलेला असतो. सोबत वरून बिलेचा, म्हणजे पडणाऱ्याला धरून ठेवणारा, दुसरा दोर. तुमचा हात सुटला तरी बिले देणारा धरतो, आणि दोर संध्याकाळी वर जाऊन सोडवून आणतात. घळीत वर परत जायचे नसते, त्यामुळे दोर खालून ओढून घेता आला पाहिजे. अँकरला, म्हणजे दोर ज्याला बांधतात त्या आधाराला, टेप (पट्टीसारखा सपाट दोर) गुंडाळतात, टेपमध्ये स्क्रूने बंद होणारी पोलादी कडी, आणि कडीतून दोर ओवतात. कडीच्या एका बाजूला दोरावर गाठीने कॅरॅबिनर पक्का करतात. हा अडसर कडीतून पलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून पलीकडच्या बाजूवर माणूस लटकू शकतो. अडसराच्या बाजूचा दोर सगळे उतरल्यावर खालून ओढायचा. व्यवस्था साधी आहे, पण चुकून कुणी ओढायच्या बाजूवर डिसेंडर (दोरावर घर्षण देणारे उतरण्याचे साधन) लावला तर अडसर कडीपासून दूर सरकतो, दोर सुर्रकन निघतो आणि माणूस थेट तळाला. म्हणून ओढायची बाजू गाईडने पिशवीत किंवा वरच अडकवून ठेवायची, आणि प्रत्येकाने कड्यावर जाण्याआधी अँकरजवळच, स्वतःच्या सेफ्टी स्लिंगवर (अँकरला जोडून ठेवणाऱ्या पट्ट्यावर) असतानाच, डिसेंडरवर वजन टाकून पाहायचे.

हा दोर बहुधा आठ ते नऊ मिलिमीटरचा आणि एकेरी असतो. इथल्या जाड दोरावर फिगर ऑफ एट (आठच्या आकाराचा डिसेंडर) शिकलेल्या ८० किलोच्या माणसाला तो भलताच वेगवान वाटतो. ओला असेल तर आणखी. त्यात एक बारकावा: उतरायला सुरुवात करताना खाली लोंबणाऱ्या दोराचे वजन थोडा ब्रेक लावते, तळाशी येईतो ते वजन उरत नाही, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात वेग वाढतो. डिसेंडरला जादा घर्षण कसे द्यायचे, म्हणजे दोर डिसेंडरच्या शिंगासारख्या टोकावरून कसा फिरवायचा किंवा दुसऱ्या कॅरॅबिनरमधून कसा घ्यायचा, हे आधी जमिनीवर करून पाहावे. कोरड्या घळीत लांब रॅपलनंतर डिसेंडर तापतो. खाली पोहोचल्याबरोबर तो दोरापासून सोडवावा, फोटोसाठी लटकत राहू नये, दोराचे आवरण भाजते. खाली उभा असलेला माणूस दोर हातात धरून असतो. वरच्याचा हात सुटला तर त्याने दोर जोराने खाली ओढायचा, की डिसेंडर आवळतो. हा बिले देताना मान वर करून, वरच्याकडे पाहत, पण कोसळणाऱ्या दगडाच्या रेषेबाहेर उभे राहायचे. पहिल्या उतरणाऱ्याला मात्र खालून असा बिले नसतो, म्हणून पहिला नेहमी गाईड किंवा जाणता माणूस.

डबक्यात संपणाऱ्या रॅपलला दोराची लांबी पाण्याला टेकेल इतकीच ठेवतात, म्हणजे माणूस टोकावरून आपोआप सुटतो आणि पोहत बाजूला होतो. दोर लांब राहिला तर पाण्यात त्याची भेंडोळी पायांत अडकतात, आखूड राहिला तर खाली किती उडी आहे ते पाहणे आलेच. आवाज भिंतींवर घुमून फुटतो, म्हणून शिट्ट्या. एक शिट्टी म्हणजे थांब. बाकीच्या खुणा निघण्यापूर्वी ठरवून, मोठ्याने म्हणून पाहाव्यात. केस, टी-शर्टचे टोक, गळ्यातले किंवा ओढणीसारखे काही डिसेंडरमध्ये गेले की माणूस अधांतरी अडकतो. जाणता गाईड अशा वेळी अँकरवरून दोर सैल सोडून त्याला खाली घेऊ शकेल अशी सुटणारी बांधणी करतो. तुमच्याकडे ही सोय असते का, हे जरूर विचारावे. वेणी घालून ती सूटच्या आत, मंगळसूत्र आणि अंगठ्या मुक्कामाच्या लॉकरमध्ये. अंगठी भेगेत अडकली तर बोटाचे काय होते ते लिहीत नाही.

शेवटचा माणूस निघण्याआधी खालच्याने ओढायची बाजू हातभर ओढून पाहायची असते. अडतो आहे असे वाटले तर वर अजून कुणी आहे, तो दुरुस्त करील. हे टाळले आणि मग दोर अडकला तर अडकलेल्या दोरावरून वर चढणे हा आत्मघात आहे, कारण तो कशाला अडकला आहे हे कुणालाच दिसत नसते. ओढण्यापूर्वी टोकाची गाठ सोडणे हेही असेच, क्षुल्लक वाटणारे आणि विसरले जाणारे. दोर किती न्यायचा? सर्वांत लांब रॅपल ३० मीटरचा असेल तर ६० मीटर, किंवा ३० मीटरचा दोर आणि तेवढीच ओढदोरी. त्याशिवाय एक राखीव दोर.

मऊ खडकाचा आणखी एक त्रास म्हणजे कड्यावर पडणारे चर. ओला, वाळूने माखलेला दोर ओढला की तो करवतीसारखा खडक कापतो, आणि पुढच्यांचे दोर त्या चरात अडकतात. म्हणून टेप लांब करून कडी कड्याच्या पुढे आणतात. अँकर पुष्कळदा बोल्ट नसून भिंतींत अडकलेला धोंडा किंवा वाळूत पुरलेली दगडांची रास असते. त्यावर एकसारखे वजन चालते, झटका चालत नाही. आपल्याकडची भिंतीवरून लाथ मारून घेतलेली उडी, जिच्यासाठी टाळ्या पडतात, ती इथे पूर्ण वर्ज्य. पावसानंतर एक-दोन दिवस वालुकाश्म ओला असेल तर तो कमकुवतही होतो. धरलेला कपारा हातात येतो. जुन्या टेपवर ऊन पडून पडून ती पांढुरकी, ताठर झालेली असते, कधी उंदरांनी कुरतडलेली. टेप दिसते म्हणून तीवर विश्वास टाकणारा गाईड बदलावा.

रॅपलपेक्षा जास्त वेळ जातो तो मात्र चिमणीत, म्हणजे दोन भिंतींमधल्या अरुंद फटीत. पाठ एका भिंतीला, पाय दुसरीला, किंवा एकेक हातपाय एकेका भिंतीला टेकवून जमिनीपासून चार-पाच फुटांवरून आडवे सरकायचे. काही ठिकाणी फट इतकी बारीक की छाती आडवी करून, श्वास सोडून जावे लागते आणि सॅक पायाला बांधून मागून ओढावी लागते. अशा जागी वजनकाट्यापेक्षा छातीचा घेर महत्त्वाचा. गाईडने तो विचारला तर रागावू नये. बंद जागेची भीती जिममध्ये कळत नाही. बेलापूरच्या कातळावर किंवा कान्हेरीला एखादी चिमणी करून पाहिली तर स्वतःविषयी बरेच कळते. कोपर आणि गुडघ्यांना पॅड घ्यावेत, कारण वालुकाश्म कातडी आणि कपडे सारखेच सोलतो. जीन्स ओली झाली की जड आणि थंड, ती नको. बुटाचा तळ मऊ, चिकट रबराचा हवा.

निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्यांनी कल्पना करावी की तसा एक खळगा वाटेच्या मधोमध आहे, त्याला वळसा नाही, आणि पाणी काठाच्या सहा-सात फूट खाली आहे. तुम्ही आत पोहता आहात, पाय टेकत नाहीत, भिंत गुळगुळीत आणि अंगावर झुकलेली. अनुभवी लोकांना घाम फुटतो तो अशा खळग्यांपाशी. गंमत अशी की खळगा काठोकाठ भरलेला असेल तर तो पोहून पार होतो. पाणी कमी तेवढा तो अवघड, म्हणजे कोरड्या वर्षात सोपी घळ अवघड होऊन बसते. बाहेर पडण्याच्या युक्त्या अनेक. वाळूने भरलेली पिशवी दोराला बांधून पलीकडच्या काठावर फेकायची, तिचे वजन आणि घर्षण धरून वर चढायचे. पाय टेकत असतील तर खांद्यावर माणूस. कपारीत हूक. पहिला बाहेर पडला की बाकीच्यांना तो ओढून घेतो. नवख्यांच्या गाईडेड सहलीत असे खळगे नसतात किंवा नसावेत, पण ‘मध्यम’ म्हणून विकलेल्या घळीत पाणी उतरल्यावर ते उघडे पडू शकतात. गेल्या आठवड्यात इथे कुणी उतरले होते का, पाणी किती होते, हा प्रश्न गाईडला विचारावा. उत्तर आठवून देणारा गाईड बहुतेक वेळा चांगलाच निघतो.

एवढे सगळे असताना लोक तिथे का जातात, हे आपल्या लेखात फोटोंवर सोडले होते. आमच्या मते ओढ तीन गोष्टींची. एक उजेड. ऊन वरच्या कडेवर पडते, समोरच्या भिंतीवर उसळते, पुन्हा उलट, आणि दर उसळीला अधिक तांबूस होत खाली येते. तळाशी पोहोचतो तो उजेड केशरी, आणि जिथे ऊन पोहोचतच नाही तिथे आभाळाचा निळसर-जांभळा. दुसरी गोष्ट भिंतींवरच्या तिरप्या रेघा. कोट्यवधी वर्षांपूर्वी वारा कुठून वाहत होता ते त्या रेघांत दिसते, आणि त्या तुमच्या नाकापासून वीतभर अंतरावर असतात. तिसरी आम्हाला सर्वांत मोठी वाटते. पहिला दोर ओढून घेतला की परतीची वाट संपते. पुढे प्रत्येक अडथळा वेगळा, त्याला उत्तर वेगळे, आणि ते चार जणांनी मिळून, त्याच क्षणी शोधायचे. सह्याद्रीत गड चढताना आपल्याला कुठेही मागे फिरता येते. इथे मागे फिरण्याचा निर्णय पहिल्या रॅपलच्या आधीच घ्यावा लागतो, आणि तो घेण्याचा हक्क गिऱ्हाईकालाही असतो. चांगला गाईड पहिल्या दोरापाशी प्रत्येकाला हे स्पष्ट विचारतो.

मुंबईकरांच्या सुट्ट्यांचे गणितही पाहून ठेवावे. तिथला पावसाळा साधारण जुलै ते सप्टेंबरचा मध्य, म्हणजे गणपतीच्या सुट्टीला जोडून काढलेली सहल नेमकी लोंढ्यांच्या दिवसांत पडते. मे महिना बरा, फक्त पाणी गार. दिवाळीत आभाळ स्वच्छ असते, पण दिवस लहान आणि थंडी जास्त. अंधारात शेवटचा रॅपल नको असेल तर पहाटे निघावे लागते. उन्हाळ्यात जाण्या-येण्याच्या चालीसाठी माणशी तीन-चार लिटर पाणी आणि मिठाचे काहीतरी घ्यावे. घळ संपली की तिथे गाव, टपरी, जीप काही नसते, तासभर तापल्या कातळावरून वर चढून गाडी गाठायची असते. मोबाइलला रेंज नसते, आणि घळीच्या तळातून उपग्रहाच्या यंत्रालाही आभाळ पुरेसे दिसत नाही. म्हणून अमुक वाजेपर्यंत परतलो नाही तर मदत मागव, असे बाहेर कुणाला तरी सांगून जावे. २००३ मध्ये युटातल्या ब्लूजॉन कॅनियनमध्ये एरन राल्स्टन पाच दिवस धोंड्याखाली हात अडकून राहिला, तो कुठे गेला आहे हे कुणालाच माहीत नव्हते. शेवटी त्याने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली.

कागदपत्रांबद्दल दोनच गोष्टी. बऱ्याच प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. दोरावरचे उतरणे आणि हेलिकॉप्टरने सुटका या दोन्ही गोष्टी पॉलिसीत नाव घेऊन आहेत का, ते पाहावे. आणि गाईडची पात्रता. आपल्या राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांच्या नोंदणीची तरतूद केली. युटात जमिनीचा व्यावसायिक परवाना लागतो, पण ‘कॅनियन गाईड’ असा एकच सरकारी दाखला नसतो. तेव्हा जमिनीचा परवाना, कॅनियनिंगचे प्रशिक्षण कुठे घेतले, आणि दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा सत्तर-ऐंशी तासांचा कोर्स केला आहे का, या तिन्हींची चौकशी करावी. शौचाची पिशवी देतील, ती मुकाट्याने वापरून परत आणावी. घळीत मागे काही ठेवायचे नसते. वाटेवरच्या काळसर, फुगीर मातीवर पाय देऊ नये, ती सूक्ष्मजीवांची जिवंत साय असते आणि एका पावलाने मोडलेली पुन्हा धरायला वर्षे लागतात.

ज्यांना अमेरिका परवडत नाही त्यांना हल्ली ओमानची स्नेक कॅनियन सुचवली जाते. मस्कत मुंबईहून विमानाने तीनेक तासांवर आहे. हजर पर्वतातली ही घळ चुनखडीची, उड्या आणि पोहणे जास्त, दोर कमी. लोंढ्याचा धोका मात्र तसाच, आणि तिथे तो हिवाळी पावसानेही येतो. जे प्रश्न युटासाठी, तेच तिथेही विचारावेत.

आपल्याला एकच विनंती. पुढच्या वेळी अशा घळीबद्दल काही छापताना, लेखात असो वा जाहिरातीत, तिची श्रेणी नावाशेजारी द्यावी. ती सगळीकडे उपलब्ध असते आणि वाचायला सोपी आहे. पहिला आकडा १ ते ४: १ आणि २ म्हणजे चाल आणि हातांनी चढउतार, ३ म्हणजे दोर लागणार, ४ म्हणजे त्याहून कठीण. पुढचे अक्षर पाण्याचे: ए म्हणजे कोरडी किंवा जेमतेम पाणी, बी म्हणजे पोहावे लागेल पण पाणी स्थिर, सी म्हणजे वाहते. नंतरचा रोमन आकडा वेळेचा: एक-दोन म्हणजे काही तास, तीन म्हणजे बहुतेक दिवस, चार म्हणजे पहाटे निघूनही उशीर. त्यापुढे आर किंवा एक्स असेल तर ती घळ चुकीला माफी न देणारी आहे, आणि कुठल्याही नवख्याला ती विकली जात असेल तर ती जाहिरात आपण छापू नये.

आपले,
सह्याद्रीत दोरकाम शिकवणारे काही वाचक
मुंबई